एक्सएमएल रूपांतराचा वेग मोजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात आमची छोटी टीम आहे. प्रकाशकांकडून एक्सएमएल, म्हणजे टॅग लावून बांधलेल्या मजकुराच्या फायली येतात, त्यांचं एचटीएमएल, ई-पब आणि छपाईची पानं करून द्यायची, हे रोजचं काम. हे सगळं एक्सएसएलटीवर, म्हणजे एक्सएमएलचं रूपांतर करायच्या भाषेवर चालतं, त्यामुळे नवीन आलेली मुलं, शेजारच्या ऑफिसातले लोक आणि खुद्द गिऱ्हाइकं फिरून फिरून वेगाबद्दलच विचारतात. दरवेळी तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

सरळ सांगा ना, सगळ्यात फास्ट कोणतं?

सरळ उत्तर नाही, आणि मी टाळतेय असंही नाही. हिशेब करून पाहा. समजा, दोन प्रोग्राम आहेत. पहिल्याला उठून बसायलाच ०.८ सेकंद लागतात, पण एकदा बसला की एक फाइल ०.०५ सेकंदात काढतो. दुसरा ०.०२ सेकंदात उठतो, पण दर फाइलला ०.२ सेकंद घेतो. फाइल एकच असेल तर पहिला ०.८५ आणि दुसरा ०.२२, म्हणजे दुसरा जिंकला. हजार फायली एकाच दमात दिल्या तर पहिल्याला ५०.८ सेकंद लागतात आणि दुसऱ्याला २०० च्या किंचित वर, म्हणजे पहिला जवळपास चौपट पुढे. आता फायली त्याच हजार, पण शेल स्क्रिप्ट प्रत्येक फाइलसाठी प्रोग्राम नव्याने सुरू करते. पहिल्याला ८५० सेकंद, दुसऱ्याला २२०. पुन्हा दुसरा जिंकला! एका दमात चालवताना बाजी पलटते ती सहाव्या फाइलला. पाचव्यापर्यंत दुसराच पुढे असतो.

आकडे मी हिशेबाला सोपे घेतलेत, पण गोष्ट रोजच्या अनुभवातली आहे. एक्सएसएलटी चालवणारे प्रोग्राम, म्हणजे प्रोसेसर, आम्ही दोन वापरतो. सॅक्सन जावावर चालतो, त्याला आधी जेव्हीएम (जावाचे प्रोग्राम चालवणारं आभासी यंत्र) उभी करावी लागते. एक्सएसएलटीप्रॉक सीमध्ये लिहिलेल्या लिबएक्सएसएलटीवर चालतो, हाक मारली की हजर. त्यामुळे ‘फास्ट कोणतं’ म्हणून कोणी विचारलं की मी उलट विचारते: तुमच्याकडे फायली कशा येतात? दिवसभर एकेक, की रात्री गठ्ठ्याने?

मग घड्याळ कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबवायचं?

निम्मी भांडणं इथलीच असतात. नागपूर ते वर्धा अंतर एकाने सीताबर्डीपासून मोजलं आणि दुसऱ्याने बुटीबोरीपासून, तर दोघंही खरं बोलत असूनही जमायचं नाही.

एका रूपांतरात पाच कामं एकामागोमाग होतात: प्रोग्राम सुरू होणं, स्टाइलशीट (रूपांतराचे नियम लिहिलेली फाइल) वाचून तिचं कंपाइल, मूळ फाइल पार्स करून (वाचून तिचे भाग ओळखून) मेमरीत तिचं झाड उभं करणं, प्रत्यक्ष रूपांतर, आणि निकाल पुन्हा मजकूर म्हणून फाइलमध्ये लिहिणं. ज्याला लोक ‘एक्सएसएलटीचा वेग’ म्हणतात तो फक्त चौथ्या पायरीचा. साध्या स्टाइलशीटमध्ये पार्सिंग आणि लिहिणं यातच बराचसा वेळ जातो, म्हणजे तुम्ही रूपांतर मोजतोय म्हणता आणि प्रत्यक्षात पार्सर मोजत असता.

डॉकबुकसारख्या (पुस्तकांसाठीच्या एका एक्सएमएल स्वरूपाच्या) मोठ्या स्टाइलशीट असतील तर दुसरी पायरी फार महाग पडते, कारण एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी फायलींची रांग वाचावी लागते. जावात यासाठी टेम्प्लेट्स नावाची वस्तू आहे. स्टाइलशीट एकदा कंपाइल करून तिच्यात ठेवायची आणि हजार वेळा वापरायची. ती अनेक थ्रेडमध्ये (एकाच प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांत) वाटून वापरता येते. तिच्यातून निघणारा, प्रत्यक्ष रूपांतर करणारा ट्रान्सफॉर्मर मात्र तसा वाटता येत नाही, प्रत्येक थ्रेडला आपला वेगळा लागतो. एका प्रोग्रामला ही सोय द्यायची आणि दुसऱ्याला दर फाइलला नव्याने कंपाइल करायला लावायचं, ही उघड बेइमानी झाली, पण नकळत होते.

पायऱ्या वेगळ्या मोजायला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. एक्सएसएलटीप्रॉकला ‘टायमिंग’ हा पर्याय आहे, तो पार्सिंग, रूपांतर आणि लिहिणं यांचे आकडे वेगळे देतो. सॅक्सनला ‘टी’ हा पर्याय द्या, तोही वेळा छापतो.

फाइल एवढीशी, तरी प्रत्येकीला काही सेकंद का लागतात?

डीटीडी (फाइलची रचना कशी असावी ते सांगणारी फाइल) पाहा. हे आम्ही पोळून शिकलो.

एका गिऱ्हाइकाने दोन प्रोग्रामची तुलना मागितली होती. आम्ही मोजलं, तक्ता केला, जावावाला फार हळू आहे असं लिहून पाठवूनही दिलं. दोन आठवड्यांनी ऑफिसचं इंटरनेट गेलं आणि तीच टेस्ट हळू चालायच्या ऐवजी एरर देऊन चक्क बंद पडली. फाइल लोकल, स्टाइलशीट लोकल, मग इंटरनेटचा संबंध काय? फाइलच्या डोक्यावर डॉकटाइपची ओळ होती आणि तिच्यात डीटीडीचा वेब पत्ता. पार्सर इमानदारीने दर फाइलला तिथे जाऊन डीटीडी आणत होता. दुसरा प्रोग्राम आम्हीच ‘नोव्हॅलिड’ पर्याय लावून चालवला होता, म्हणून त्याने ती ओळ सोडून दिली होती. आम्ही मोजला होता तो आमच्या ब्रॉडबँडचा वेग. गिऱ्हाइकाला फोन करून तक्ता परत घ्यावा लागला. तो फोन मीच केला, म्हणून लक्षात आहे.

आम्ही एकटेच असे नव्हतो, एवढंच समाधान. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने फेब्रुवारी २००८ मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं की त्यांच्या सर्व्हरवर डीटीडीसारख्या फायलींच्या मागण्या दिवसाला १३ कोटींपर्यंत जातात. कधीही न बदलणाऱ्या फायली, आणि जगभरचे प्रोग्राम त्या पुन्हा पुन्हा मागतायत. पुढे त्यांनी अशा मागण्यांना मुद्दाम उशिरा उत्तर द्यायला सुरुवात केली. म्हणजे मोजणारा बसलाय आपला प्रोग्राम हळू का म्हणून शोधत, आणि ब्रेक लागलाय सातासमुद्रापार.

उपाय: डीटीडी डिस्कवर ठेवा, एक्सएमएल कॅटलॉग (वेब पत्त्याऐवजी डिस्कवरची फाइल दाखवणारी यादी) लावा, आणि मोजणी सुरू करण्याआधी नेटची वायर काढून एकदा चालवून पाहा. वायर काढल्यावर आकडा बदलला तर आधीचे सगळे आकडे फेकून द्या.

जावावाला पहिल्या वेळी हळू आणि नंतर फास्ट. खरा वेग कोणता?

दोन्ही खरे. जेव्हीएम सुरुवातीला बाइटकोड (जावाच्या प्रोग्रामचं तिला कळणारं रूप) एकेक सूचना वाचत चालवते. एखादा भाग वारंवार चालतोय असं दिसलं की त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करते, आणि तोच भाग आणखी तापला की अजून चांगलं रूपांतर करते. म्हणून त्याच फाइलची दहावी फेरी पहिलीपेक्षा कितीतरी लवकर संपते.

सर्व्हरवर दिवसभर चालणारं काम असेल तर सुरुवातीच्या फेऱ्या सोडून द्या आणि आकडे स्थिरावल्यावर मोजा. रोज सकाळी एकदाच चालणारी स्क्रिप्ट असेल तर पहिलीच फेरी खरी. ती वगळणं म्हणजे स्वतःला फसवणं. सॅक्सनला ‘रिपीट’ पर्यायात किती फेऱ्या ते सांगता येतं. एक्सएसएलटीप्रॉकच्या ‘रिपीट’ला आकडा देता येत नाही, तो आपला २० वेळा फिरतो.

लिनक्सवर ‘टाइम’ ही आज्ञा वापरत असाल तर तिचा एकच आकडा वाचून थांबू नका. ‘रिअल’ म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा वेळ, ‘युजर’ म्हणजे सगळ्या कोरनी मिळून केलेलं काम. जावात कंपाइलर आणि कचरा गोळा करणारा गार्बेज कलेक्टर बाजूच्या कोरवर राबत असतात, म्हणून ‘युजर’ बऱ्याचदा ‘रिअल’पेक्षा मोठा येतो. आठ कोरच्या मशीनवर जो प्रोग्राम चपळ दिसला, तोच दोन कोरच्या भाड्याच्या सर्व्हरवर धापा टाकू शकतो.

दोघांचं आउटपुट सारखं आहे का, हे मोजण्याआधी बघायचं की नंतर?

आधी. नेहमीच आधी. एकदा आमच्याकडे एक प्रोग्राम दुसऱ्याच्या निम्म्या वेळात काम संपवत होता. दिवसभर सगळे खूश. संध्याकाळी आउटपुट उघडलं तर पुस्तकात एकही तळटीप नाही! स्टाइलशीटमध्ये तळटीपा गोळा करणारा तुकडा ‘अमुक एक्सटेन्शन फंक्शन उपलब्ध असेल तरच’ या अटीत होता. या प्रोग्रामकडे ते फंक्शन नव्हतं, त्याने तो तुकडा गुपचूप सोडला. एररही नाही, वॉर्निंगही नाही. काम सोडून देणारा लवकर घरी जाणारच.

पण दोन फायली नुसत्या डिफने (ओळीओळीतला फरक दाखवणाऱ्या प्रोग्रामने) ताडून पाहू नका. ॲट्रिब्यूटचा क्रम, रिकाम्या टॅगची लिहिण्याची पद्धत, कोट एकेरी की दुहेरी, यांनी अर्थ बदलत नाही, पण डिफ लालेलाल होतो. आधी दोन्ही फायली कॅनॉनिकल, म्हणजे एकाच ठरावीक रूपात आणा, एक्सएमएललिंट ते करून देतो, आणि मग ताडा.

सगळ्यांना एकच स्टाइलशीट दिली की न्याय झाला ना?

अर्धा. एक्सएसएलटी १.० आलं १९९९ मध्ये, २.० आलं २००७ मध्ये, ३.० आलं २०१७ मध्ये. एक्सएसएलटीप्रॉक १.० वर थांबलाय, जावासोबत येणारा तयार प्रोसेसरही १.० चाच, आणि सॅक्सन ३.० पर्यंत जातो. सगळ्यांना चालेल अशी स्टाइलशीट हवी तर ती १.० मध्ये लिहावी लागते. मग गटवारी करायला म्युंच नावाच्या प्रोग्रामरची, की (नोंदी पटकन शोधायची सूची) वापरायची युक्ती आली. २.० मध्ये तेच काम फॉर-इच-ग्रुप या एका सूचनेत होतं. ज्याच्याकडे नवी हत्यारं आहेत त्याला जुन्या हत्यारांनी लढायला लावलं तर तो सामना बरोबरीचा कसा?

मी दोन शर्यती लावते. एकीत सगळ्यांना तोच कोड, दुसरीत प्रत्येकाला त्याच्या सर्वोत्तम पद्धतीने लिहिलेला कोड. दोन्ही निकाल शेजारी छापायचे. दुसऱ्या शर्यतीत लिहिणाऱ्याचा हात कळतो हे मान्य, पण गिऱ्हाईक शेवटी चालवणार ते तसंच लिहिलेलं.

झाडाचाही प्रश्न आहे. जावात डॉम (एक्सएमएलचं मेमरीतलं सर्वसाधारण झाड) आधीच तयार आहे म्हणून तोच सॅक्सनला दिला, असं लोक सर्रास करतात. सॅक्सनचं स्वतःचं टायनीट्री नावाचं आटोपशीर झाड आहे आणि डॉमवर तो बराच मंद चालतो. प्रत्येकाला त्याच्या सवयीचं झाड द्या. नाहीतर उंटाला पोहायला लावून ‘हळू आहे’ म्हणण्यासारखं.

शंभर नोंदींवर मस्त चालतं, मोठ्या फाइलवर मात्र रडतं. प्रोसेसर बदलू?

थांबा, आधी स्टाइलशीट बघा. समजा प्रत्येक नोंदीला क्रमांक द्यायला तुम्ही तिच्या आधीची सगळी भावंडं मोजताय, प्रिसीडिंग-सिब्लिंग घेऊन. १,००० नोंदी असतील तर साधारण ५ लाख पावलं पडतात. १०,००० नोंदी असतील तर ५ कोटी. फाइल दसपट, काम शंभरपट. डबल स्लॅशने (‘कुठेही असेल ते शोध’ या खुणेने) दरवेळी अख्खं झाड धुंडाळणं हाही त्याच जातीचा रोग. तिथे की लावा.

म्हणून मी एका आकाराच्या फाइलवर कधीच निकाल देत नाही. एकपट, दुप्पट, चौपट, आठपट अशा चार फायली करा. फाइल दुप्पट झाल्यावर वेळ दुप्पट झाला तर ठीक. वेळ चौपट होत असेल तर प्रोसेसर बदलून फार तर एखादा महिना निभेल, पुढच्या वर्षी फाइल वाढली की पुन्हा तिथेच. कधी असंही होतं की एखादा प्रोसेसर अशी मोजणी ओळखून आतल्या आत सुधारून घेतो आणि दुसरा लिहिलंय तसंच निमूट चालवतो. दोघांतला फरक मग छोट्या फाइलवर दिसतच नाही.

मुद्दाम खूप काम करणारी टेस्ट लिहिली, तर वेळ शून्याजवळ आला. असं कसं?

निकाल कुठे छापला नसेल. सॅक्सन व्हेरिएबलची किंमत लागेल तेव्हाच काढतो. लागलीच नाही तर काढतच नाही. काम आउटपुटपर्यंत पोहोचलं पाहिजे. एक्सएसएलटीप्रॉकला ‘नोआउट’ लावलं असेल तर लिहिण्याचा वेळ गळतो, तेही ध्यानात ठेवा.

मराठी मजकुराने वेगात फरक पडतो का?

पडतो, आणि हे कोणी मोजत नाही याचा मला राग आहे. बहुतेक टेस्टच्या फायली इंग्रजी असतात.

‘नागपूर’ हाच शब्द घ्या. रोमन लिपीत सहा अक्षरं, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) सहा बाइट. देवनागरीत न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र अशी चिन्हं सहाच, पण प्रत्येकाला तीन बाइट, एकूण १८. आउटपुटचं एन्कोडिंग चुकून यूएस-आस्की (ज्यात फक्त इंग्रजी अक्षरं बसतात) राहिलं तर प्रत्येक चिन्हाच्या जागी सात अक्षरांचा संदर्भ-क्रमांक छापला जातो आणि तोच शब्द ४२ बाइटचा होतो. लिहायचा मजकूर रोमनच्या सातपट! दोन प्रोग्रामची डिफॉल्ट वेगळी असतील तर ही तफावत वेगाच्या खात्यात जमा होते.

आत साठवण्यातही फरक आहे. एक्सएसएलटीप्रॉक ज्याच्या आधारे फाइल वाचतो तो लिबएक्सएमएल मजकूर यूटीएफ-८ मध्येच ठेवतो, त्यामुळे शब्दातलं पाचवं अक्षर काढायचं तर पहिल्यापासून मोजत जावं लागतं. जावा ९ पासून नुसता लॅटिन मजकूर दर अक्षरी एका बाइटमध्ये बसतो. त्यात एक देवनागरी अक्षर आलं की अख्खी स्ट्रिंग दोन बाइटवर जाते. म्हणजे इंग्रजी फाइलवर दिसलेली मेमरीची बचत मराठी फाइलवर मिळायची नाही.

सगळ्यात मोठा सापळा सॉर्टिंगचा. कळस, कवच, कसर हे तीन शब्द यूनिकोडच्या क्रमांकाने लावले तर याच क्रमाने येतात, कारण यूनिकोडमध्ये ळ हा ल च्या शेजारी बसलाय. मराठी शब्दकोशात ळ येतो ह च्या नंतर, म्हणून क्रम हवा कवच, कसर, कळस. भाषेचे नियम पाळून लावणं नुसत्या क्रमांकांनी लावण्यापेक्षा जास्त कष्टाचं. एक प्रोग्राम लवकर आणि चूक लावतोय, दुसरा सावकाश आणि बरोबर, आणि तक्त्यात पहिला पुढे दिसतो. शब्दसूची किंवा अकारविल्हे निर्देशसूची करणाऱ्यांनी हे तरी नक्की तपासावं.

सकाळी मोजलं तर फास्ट, दुपारी तेच हळू. ‘ताई, काऊन असं?’

हा प्रश्न आमच्याकडे मे महिन्यातच येतो. बाहेर ४५ अंश, कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि लॅपटॉपखाली कुणीतरी वहीचा गठ्ठा ठेवून हवेची वाट बंद केलेली. मशीनचा प्रोसेसर (सीपीयू) तापला की स्वतःला वाचवायला घड्याळाचा वेग खाली आणतो. जो प्रोग्राम दुसऱ्या नंबरला मोजला तो बिचारा गरम मशीनवर धावला. एकदा आम्ही एकच प्रोग्राम दोन वेगवेगळ्या नावांनी लागोपाठ चालवला, तरी ‘दुसरा’ हरला. तेव्हापासून आधी अ च्या दहा आणि मग आ च्या दहा फेऱ्या घेत नाही; अ, आ, आ, अ असा क्रम लावतो, म्हणजे उन्हाचा त्रास दोघांना सारखा.

लाइट गेली तर मोजणी रद्द. बॅटरीवर आल्यावर बरेच लॅपटॉप आपणहून वेग उतरवतात, आणि ते पडद्यावर कुठे लिहून येत नाही. विंडोजवर अँटिव्हायरस प्रत्येक नवी आउटपुट फाइल हुंगतो, त्याचाही वेळ तुमच्याच खात्यात पडतो. पहिल्या फेरीत फाइल डिस्कवरून येते आणि दुसरीत मेमरीतल्या कॅशमधून, म्हणून एक फेरी फुकट घालवून मगच घड्याळ लावा.

सरासरी घ्यायची ना?

सरासरी एका वाईट फेरीने बिघडते. मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) द्या, सोबत सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा द्या. दोन प्रोग्रामचे पट्टे एकमेकांत मिसळत असतील तर बरोबरी म्हणून मोकळं व्हा.

तयार बेंचमार्क नाहीत का?

होते. डेटापॉवर कंपनीचा एक्सएसएलटीमार्क एकेकाळी बराच वापरात होता, पण तो १.० च्या काळातला, आणि कंपनी स्वतः एक्सएमएलची यंत्रं विकणारी. २००५ मध्ये आयबीएमने ती विकत घेतली. एक्समार्क हा ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतून आलेला, लिलावाच्या वेबसाइटचा खोटा डेटा पाहिजे त्या मापात बनवून देणारा; त्याचं माप १ ठेवलं की साधारण १०० एमबीची फाइल मिळते. तो मुळात एक्सक्वेरीसाठी (एक्सएमएलमधून माहिती शोधायच्या भाषेसाठी) आहे, पण आकार वाढवून पाहायला त्याची फाइल कामाची आहे. तयार संचाचा धोका असा की प्रोसेसर बनवणारेही तो पाहत असतात आणि नेमकं तेवढंच पॉलिश करतात.

विकणाऱ्या कंपनीने दिलेले आकडे धरायचे का?

स्टाइलशीट, फाइल, आवृत्ती आणि चालवायची पूर्ण आज्ञा दिली असेल तर स्वतः चालवून पाहा. नसेल तर चहाबरोबर वाचायला बरे.

तुमच्याकडे शेवटी काय वापरता?

दोन्ही. कॉपी-एडिटर दिवसभर एकेक प्रकरण सुधारून पूर्वदृश्य बघतात, तिथे स्टाइलशीट छोटी आणि १.० ची आहे, एक्सएसएलटीप्रॉक डोळ्याचं पातं लवायच्या आत पान दाखवतो. रात्री अख्ख्या पुस्तकांचा गठ्ठा सॅक्सनच्या एकाच प्रोसेसमध्ये जातो, स्टाइलशीट एकदाच कंपाइल होते, निर्देशसूची मराठी क्रमाने लागते. गेल्या महिन्यात एका पुस्तकाची फाइल एवढी फुगली की हीप (जावाला दिलेली मेमरी) कमी पडून रात्रीचं काम मध्येच मेलं. मेमरी वाढवून दिली आणि निभलं. पुढच्या फुगवट्याला स्ट्रीमिंग (अख्खी फाइल मेमरीत न घेता वाचत वाचत रूपांतर करणं) लागेल, आणि ते सॅक्सनच्या फुकटच्या आवृत्तीत नाही. लायसन्सचे पैसे द्यायचे की फाइल प्रकरणवार तोडायची, यावर सध्या आमच्यात वाद चालू आहे. मी तोडायच्या बाजूने आहे.